लकव्यानंतर गाडी: पुन्हा कधी, आणि ठरवायचं कोणी?

डिस्चार्जची फाइल हातात पडते, गोळ्यांच्या वेळा समजावून होतात, आणि दाराशी पोचता पोचता पेशंट विचारतो, "डॉक्टर, गाडी कधीपासून चालवू?" उत्तर ठरलेलं असतं, "बघू, थोडे दिवस जाऊ देत." थोडे म्हणजे किती आणि बघणार कोण, हे अधांतरीच राहतं. महिना-दीड महिन्यात माणूस काठी सोडून चालू लागतो, जिना चढतो, आणि एक दिवस घरात कुणाला न सांगता किल्ली उचलतो. काही होत नाही. मग दुसऱ्या दिवशी परत.

मी न्यूरो रिहॅबमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते, म्हणजे मेंदूच्या आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते. चालायला लागला म्हणजे गाडीवर बसायला हरकत नाही, ही समजूत मला घरोघरी भेटते. प्रत्यक्षात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध फार थोडा आहे. कमरेखाली ताकद नसलेली माणसं हातावर चालणाऱ्या गाडीतून वर्षानुवर्षं सुरक्षित फिरतात. उलट रोज बागेत तीन फेऱ्या मारणारा माणूस चौकात स्वतःला आणि दुसऱ्याला धोका होऊ शकतो. मेंदूच्या कुठल्या भागाला मार बसला आणि त्यातलं काय भरून आलं, यावर सगळं अवलंबून असतं. झटका असो, अपघातात डोक्याला झालेली इजा असो की मेंदूची शस्त्रक्रिया, तपासायच्या गोष्टी बऱ्याचशा त्याच. इथे मी मुख्यतः झटक्याबद्दल, म्हणजे लकव्याबद्दल लिहिते आहे.

हात-पाय

आधी सोपा भाग. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे गिअर डाव्या हाताला आणि क्लच डाव्या पायाखाली. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाकडे. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला तर शरीराची डावी बाजू जाते. क्लच-गिअरची पंचाईत होते, पण ऑटोमॅटिक गाडी घेतली की ती बरीचशी सुटते. डाव्या भागात झटका आला तर उजवा पाय जातो, आणि ब्रेक त्याच पायावर असल्यामुळे मामला अवघड होतो.

ताकद परत आली म्हणजे पाय परत आला असंही नाही. पेशंटला डोळे मिटायला सांगून मी त्याच्या पायाचा अंगठा हलकेच वर किंवा खाली करते आणि विचारते, "आता कुठे आहे?" बऱ्यापैकी चालणारी माणसंही इथे चुकतात. डोळे मिटल्यावर अंगठा कुठे आहे ते ज्याला कळत नाही, त्याला खाली न बघता ब्रेक सापडणार नाही. काहींचा पाय पेडलवर जोर दिला की थडथड उडायला लागतो. हे दवाखान्यात पाच मिनिटांत कळतं, फक्त कुणीतरी तपासायला हवं.

यावर यांत्रिक उपाय आहेत. अ‍ॅक्सिलरेटर डाव्या पायाकडे घेता येतो, एका हातानं फिरवण्यासाठी स्टिअरिंगला गोल मूठ बसवता येते, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातावर आणता येतात. मोटार वाहन कायद्यात पूर्वी अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीनं तो शब्द जाऊन 'अडॅप्टेड व्हेइकल' आला. बदल आरसीत नोंदवावा लागतो आणि लायसन्सही तशा गाडीचं घ्यावं लागतं. गॅरेजमध्ये परस्पर करून घेतलेलं काम कागदावर आलेलं नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनीला तेवढं निमित्त पुरतं.

परदेशी मार्गदर्शिका वाचल्या तर त्यांत बहुतेक सगळीकडे कार गृहीत धरलेली असते. माझ्याकडे येणारा निम्म्या वेळा स्कूटरबद्दल विचारत असतो. गिअर नाही, क्लच नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण तिचे दोन्ही ब्रेक दोन हातांत आहेत आणि अ‍ॅक्सिलरेटर उजव्या मुठीत. थांबताना पाय टेकवावा लागतो, आणि कमजोर पाय टेकला की गाडी त्याच बाजूला कलंडते. बाजूची जादा चाकं लावली तर तोल सांभाळला जाईल, मात्र पुढे लिहिलेल्या अडचणींवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. माझं स्पष्ट मत आहे की कारला मोकळीक मिळाली तरी दुचाकी सगळ्यात शेवटी.

नंबरप्लेट दिसते, सायकल दिसत नाही

"डोळे तपासून घेतलेत, नंबरही बदललेला नाही," असं पुष्कळ जण सांगतात. लांबचं अक्षर किती स्पष्ट दिसतं हा एक भाग, आणि समोर बघत असताना आजूबाजूचं किती दिसतं हा दुसरा. दुसऱ्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. मेंदूच्या मागच्या भागात किंवा तिथवर जाणाऱ्या वाटेवर इजा झाली तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाऊ शकते. उजव्या मेंदूला मार बसला की दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं होतं. तिथे काळा पडदा दिसतो असंही नाही. तिथे काही नाही हेच लक्षात येत नाही. दारातून जाताना खांदा चौकटीवर आपटणं, पेपर वाचताना ओळीची सुरुवात सुटणं, या घरातल्या खुणा. आरटीओच्या फॉर्ममध्ये २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असा प्रश्न आहे. अर्धं दृष्टिक्षेत्र गेलेला माणूस ती धडाधडा वाचतो आणि डावीकडून येणारा सायकलवाला त्याला दिसत नाही.

नेमकी तपासणी पेरिमेट्रीनं होते. मशीनपुढे हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेवरून नजर हलवायची नाही, आणि कडेला लुकलुकणारा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मोठ्या नेत्र रुग्णालयांत ही सहज होते. काचबिंदूच्या पेशंटांना ती चांगलीच ओळखीची आहे. ब्रिटनमध्ये साध्या कारसाठी आडवं किमान १२० अंश क्षेत्र लागतं आणि मध्याभोवतीच्या २० अंशांत मोठी पोकळी चालत नाही. आपल्याकडे झटक्यानंतर ही तपासणी फार क्वचित सांगितली जाते. तुम्हीच मागून घ्या.

याहून फसवी अडचण म्हणजे दिसतंय, पण तिकडे लक्षच जात नाही. वैद्यकीय भाषेत याला नेग्लेक्ट म्हणतात. उजव्या मेंदूच्या झटक्यात तो जास्त आढळतो आणि डावी बाजू जणू जगातून वजा होते. तो पकडायला महागडं मशीन लागत नाही, जेवणाचं ताट पुरतं. आपण उजवीकडे भाजी-आमटी वाढतो, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. नेग्लेक्ट असलेल्या माणसाच्या ताटात उजवीकडचं चाटूनपुसून संपलेलं असतं, भाताची मूद उजवीकडूनच कोरलेली असते आणि डावीकडे चटणीला बोटही लागलेलं नसतं. विचारलं तर म्हणतात, "वाढलीच नाही." ताट अर्धं फिरवून ठेवलं की, "अरे, ही कोशिंबीर कधी आली?" असं म्हणून तीही संपवतात. घरचे समजतात की चव गेली किंवा चित्त थाऱ्यावर नाही. दाढी एकाच गालाची होते, तेव्हाही तसंच वाटतं.

आता याच माणसाला आपल्या रस्त्यावर बसवून पाहा. आपण डावीकडून गाडी चालवतो. पादचारी, थांबलेली रिक्षा, बसमधून उतरणारी माणसं, फूटपाथ नाही म्हणून कडेनं चालणारी शाळेची पोरं, सगळी डावीकडेच. अर्धं दृष्टिक्षेत्र गेलेल्या माणसाला निदान समजावलं की कळतं. तो मान वळवून बघायला शिकतो, आणि नीट शिकलेल्या काहींना ब्रिटनमध्ये वर्षभरानंतर, अपवाद म्हणून, कसून परीक्षा घेऊन परवानगी मिळतेही. नेग्लेक्टमध्ये मान वळवायची आठवणच होत नाही, कारण तिकडे बघण्यासारखं काही आहे हेच मनात येत नाही. तो पूर्ण जाईपर्यंत किल्ली द्यायची नाही, इतकं साधं आहे ते.

कागद-पेन्सिलीतून काय कळतं

तिसरी गोष्ट म्हणजे लक्ष आणि वेग. तासाला ४० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. मेंदूनं ब्रेकचा निर्णय घ्यायला फक्त अर्धा सेकंद जास्त लावला, तर साडेपाच मीटर अंतर आधीच कापलेलं असतं. झेब्रा क्रॉसिंगवरचा माणूस तेवढ्यात येतो. झटक्यानंतर, आणि डोक्याच्या इजेनंतर तर जास्तच, हा अर्धा सेकंद बोलण्यात-चालण्यात दिसत नाही. गप्पा पहिल्यासारख्या रंगतात.

तो पकडण्यासाठी आम्ही एक जुनी चाचणी वापरतो, ट्रेल मेकिंग. कागदावर २५ गोल विखुरलेले असतात. पहिल्या भागात १ पासून २५ पर्यंत क्रमानं रेघ ओढत जायचं. दुसऱ्या भागात आकडा आणि अक्षर आळीपाळीनं घ्यायचं: १, मग क, मग २, मग ख. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पहिला भाग झपाट्यानं संपवला. दुसऱ्यात १ वरून क वर गेले, क वरून २ वर, आणि तिथून थेट ३, ४, ५. मी थांबवून नियम परत सांगितला. "हो हो, कळलं," म्हणाले आणि पुन्हा तेच. नियम त्यांना पाठ होता, हात मात्र ओळखीच्या वाटेनंच जात होता. रस्त्यावर आरसा, सिग्नल, मागचा हॉर्न, पुढचा खड्डा यांच्यात लक्ष असंच अदलाबदल करत फिरवावं लागतं. अमेरिकेतल्या वयस्कर चालकांसाठीच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत या दुसऱ्या भागाला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर पुढची तपासणी करा असं म्हटलं आहे.

पण याच चाचणीवर निकाल लावणं चुकीचं. चौथीत शाळा सुटलेल्या, तीस वर्षं ट्रॅक्टर आणि जीप चालवलेल्या शेतकऱ्याला अक्षरांचा क्रम आठवायलाच वेळ लागतो. त्याला अडाणी चाचणीनं अडाणी ठरवायचं कारण नाही. चित्रांतून खुणा शोधण्याच्या, रेघेचा मध्य काढण्याच्या चाचण्या त्याच्यासाठी बऱ्या. आणि कुठलीही एक चाचणी कुणाला पास किंवा नापास करत नाही. सगळ्या मिळून, या माणसाला रस्त्यावर नेऊन बघावं की नाही, एवढंच सांगतात.

पेशंटचा स्वतःवरचा विश्वास मात्र पुराव्यात धरायचा नाही. "मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय" हे खरंच असतं. पण ज्या मेंदूला आपल्यात काय कमी झालंय ते कळायचं, त्यालाच इजा झालेली असते. तो खोटं बोलत नसतो, त्याला ते खरोखरच जाणवत नसतं. म्हणून चाचणीच्या आधी मी घरच्यांना वेगळं विचारते. बोलता बोलता गॅस चालू राहतो का? सुट्टे पैसे मोजताना गडबड होते का? गर्दीतून रस्ता ओलांडताना तुम्हाला हात धरावासा वाटतो का? शेवटच्या प्रश्नाला "हो" म्हणणाऱ्या बायकोचं मत मला स्कॅनइतकंच मोलाचं वाटतं.

फिट आली असेल तर

झटक्यानंतर किंवा डोक्याच्या इजेनंतर काहींना फिट येऊ लागते. आपल्याकडे लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये पहिलाच प्रश्न तो आहे: अपस्मार आहे का, किंवा कुठल्याही कारणानं अचानक शुद्ध जाते का, चक्कर येते का? "हो" म्हटलं की अर्ज अडतो. शेवटची फिट गेल्या आठवड्यातली की दहा वर्षांपूर्वीची, हा फरक फॉर्मला कळत नाही. ब्रिटनमध्ये अपस्मार असलेल्याला बारा महिने फिटशिवाय गेले तर कारचं लायसन्स मिळू शकतं. ट्रक-बससाठी दहा वर्षं, तीही औषधाविना, लागतात. अमेरिकेत हा काळ राज्याराज्यांत वेगळा, साधारण तीन महिने ते एक वर्ष. आपल्याकडेही काळ बघून ठरवावं, असं इथले न्यूरॉलॉजिस्ट बरीच वर्षं म्हणत आलेत आणि मलाही ते पटतं. सरसकट बंदीचा परिणाम असा होतो की लोक "नाही" वर खूण करतात आणि मग डॉक्टरांपासूनही लपवतात. लपवलं की गोळीचा डोस ठरवणंच चुकतं.

लपवण्याची किंमत स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरानं २२ डिसेंबर २०१४ रोजी पाहिली. कचऱ्याचा ट्रक चालवताना चालकाची शुद्ध गेली, ट्रक गर्दीत घुसला आणि सहा माणसं गेली. कारण मूर्च्छेचं होतं, अपस्माराचं नव्हे. पण २०१० मध्ये बसच्या स्टिअरिंगवर त्याची शुद्ध एकदा गेली होती आणि ते त्यानं सांगितलं नव्हतं, हे चौकशीत पुढे आलं.

आरटीओ विचारणार नाही

आपली व्यवस्था स्वयंघोषणेवर चालते. चाळिशी ओलांडली की नूतनीकरणाला डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो. व्यावसायिक वाहनांना तो आधीपासूनच लागतो. कागदावर उत्तम. ज्यांनी तो एजंटमार्फत भरून घेतलाय, त्यांना ती तपासणी किती सेकंदांत होते हे मी सांगायला नको. तसंही त्यातले प्रश्न मुख्यतः डोळे, कान आणि हात-पायांचे आहेत.

त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशी ते पन्नाशीत काढलेलं लायसन्स दहा वर्षं चालतं. ४९ व्या वर्षी नूतनीकरण आणि पन्नासाव्या वर्षी झटका, असं झालं तर पुढची नऊ वर्षं कुणी काही विचारणार नाही. "लायसन्स व्हॅलिड आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र गप्प नाही. कलम १६ नुसार आजार किंवा अपंगत्वामुळे गाडी चालवायला माणूस अयोग्य वाटला, तर आरटीओ लायसन्स रद्द करू शकतं. कलम १८६ नुसार आपल्या आजारामुळे लोकांना धोका आहे हे माहीत असून गाडी चालवणं गुन्हा आहे. दंड पहिल्यांदा हजार रुपयांपर्यंत, पुढे दोन हजारांपर्यंत. दंड किरकोळ वाटेल, पण अपघात झाला तर तुमच्या डिस्चार्ज कार्डावरची "गाडी चालवू नये" ही ओळ कोर्टात वाचली जाऊ शकते.

रिक्षा, टेम्पो, एसटी चालवणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. ब्रिटनमध्ये झटक्यानंतर ट्रक-बसचं लायसन्स वर्षभर बंद राहतं. इथे वर्षभर घर कोण चालवणार? अशा पेशंटला नुसतं "चालवू नका" सांगून पाठवणं म्हणजे त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवणं. दुसरं काम, निदान मधल्या काळापुरतं, त्याच बैठकीत बोलावं लागतं.

मग करायचं काय?

झटक्यानंतर ब्रिटनमध्ये किमान एक महिना आणि ऑस्ट्रेलियात खासगी चालकांना किमान चार आठवडे गाडी बंद असते. तासाभरात पूर्ण बरं वाटलेल्या छोट्या झटक्यालाही ब्रिटनमध्ये तोच महिना. ही मुदत खालची मर्यादा आहे. महिना भरला म्हणून गाडी सुरू, असा तिचा अर्थ नाही. महिन्यानंतर न्यूरॉलॉजिस्टना थेट विचारा आणि उत्तर फाइलवर लिहून घ्या. दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे लक्ष, वेग आणि नेग्लेक्टच्या चाचण्या करा. त्यात काही अडलं नाही, तरच रस्ता.

रस्त्यावरची चाचणी शेवटचा शब्द मानली जाते, आणि आपल्याकडे ती शास्त्रशुद्ध करणारी केंद्रं मोजकीच. म्हणून जमवाजमव करावी लागते. ड्रायव्हिंग स्कूलची ड्युअल कंट्रोलची, म्हणजे शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असलेली गाडी घ्यायची, शेजारी अनुभवी शिक्षक आणि शक्य असेल तर मागे थेरपिस्ट. स्वतःच्या गाडीत बायको किंवा मुलाला शेजारी बसवून करायचा हा प्रयोग नाही. त्यांच्या पायाखाली ब्रेक नसतो आणि त्यांचं ओरडणं हीच आणखी एक अडचण होते. आधी मोकळं मैदान, मग शांत कॉलनी, मग भाजी मंडईजवळचा रस्ता. दहा मिनिटांवर भागवू नका, कारण झटक्यानंतरचा थकवा अर्ध्या तासानं उघडा पडतो. कुणाशी तरी बोलत असताना गाडी डावीकडे सरकते का, मागून हॉर्न आला की गोंधळ होतो का, वळताना डावा आरसा बघितला जातो का, हे मागे बसलेल्यानं लिहून ठेवायचं.

उत्तर बहुतेकदा "अजून नाही" असं येतं. पहिल्या सहा महिन्यांत मेंदू बराच सावरतो, म्हणून तीन महिन्यांनी परत तपासायचं. तोवर किल्ली लपवण्याचा खेळ खेळू नका, माणूस दुखावतो आणि किल्ली शोधतोही. चाचणीचा कागद त्याच्यासमोर ठेवा, त्यानं स्वतः ओढलेल्या रेघा त्याला बघू द्या. मधल्या काळात ६५ ते ७५ वयाला एसटीचं अर्धं तिकीट आहे, त्यापुढे प्रवास मोफत. आणि बऱ्याच घरांत याच काळात बायको लर्निंग लायसन्स काढते. चाळिशी ओलांडली असेल तर तिलाही फॉर्म १-अ लागेल, तो मात्र नीट तपासून घ्या.